पॉइंट टू-टू घ्यावी का? आधी राउंडचा हिशोब करू

प्रश्न: मी 43 वर्षांचा, कर्वेनगरला राहतो, आयटीत आहे. पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून हातात महिना 1,65,000 येतात. घराचा हप्ता 48,000, एसआयपी 25,000, मुलीची शाळा आणि नेमबाजीच्या रेंजची फी धरून 16,000, घरखर्च साधारण 55,000. उन्हाळ्यात मेहुण्याकडे डॅलसला गेलो होतो. तिथे त्याची सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू, म्हणजे दर चापाला एक गोळी सुटून पुढची आपोआप चढणारी .22 बोअरची रायफल, चालवली आणि वेडच लागलं. मुलगी 14 वर्षांची आहे, दीड वर्ष बालेवाडीला 10 मीटर एअर रायफल करते, सध्या रेंजचीच रायफल वापरते. माझा विचार असा की एकच चांगली पॉइंट टू-टू घ्यावी, सेमी-ऑटो मिळाली तर उत्तम. माझा छंद होईल आणि पुढे तिला 50 मीटरला उपयोगी पडेल. बोनसचे साडेचार लाख आहेत, साडेतीन लाखांची एफडी मोडता येईल. परदेशी रायफल सगळ्या सामानासकट साडेसात लाख सांगितली आहे. सरावाचा राउंड, म्हणजे एक काडतूस, 22 रुपये, स्पर्धेचा 45. मेहुण्याला 500 राउंडचा डबा 45 डॉलरला मिळतो. आपल्याकडे स्वस्त राउंड मिळवायचा काही मार्ग आहे का?

उत्तर: तुम्ही आकडे सगळे दिलेत, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक पत्रांत फक्त "परवडेल का?" एवढंच असतं आणि पगार आम्हीच ओळखायचा असतो.

सेमी-ऑटोचा विषय आधी मिटवतो, कारण तो पैशांचा नाहीच. आपल्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित गटात मोडते. पुण्याच्या पोलीस आयुक्तालयात ज्या परवान्यासाठी आपण अर्ज करतो, त्यात ती बसत नाही. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे आणि "अमेरिकेत चालवून बघितली, आवडली" हे कारण तिथे चालणार नाही. दुसरं म्हणजे मुलीला तिचा उपयोग शून्य. 50 मीटरच्या स्पर्धेतली रायफल एका वेळी एकच राउंड घेते. बोल्ट मागे, राउंड आत, बोल्ट पुढे, श्वास, नेम, मग चाप. दर शॉटला हेच. एका रायफलीत दोघांचं भागवायचा तुमचा बेत इथेच संपतो.

मेहुण्याची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिकडचे जाणते लोक रायफल निवडताना आधी राउंडचा भाव बघतात. पॉइंट टू-टू तिथे इतकी खपते ती राउंड स्वस्त म्हणून. त्याच दुकानात सैनिकी धाटणीच्या रायफलीचा .223 बोअरचा राउंड कितीतरी पट महाग असतो. त्यातही सेमी-ऑटोचे नखरे वेगळे. राउंडच्या जोरावरच तिची यंत्रणा मागे सरकते, म्हणून मंद वेगाचा राउंड घातला की ती मध्येच अडकते. म्हणजे स्वस्त डबा आणला तरी तो आपल्या रायफलीला चालेलच असं नाही. शिवाय चाप दाबत राहिलं की मॅगझिन केव्हा रिकामं झालं ते कळत नाही. आणि एवढ्या सुबत्तेच्या देशातही 2013 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये राउंड दुकानांतून गायब झाले होते. रायफल कपाटात आणि डबा मिळेना, अशी गत.

आता आपल्याकडचा हिशोब. 45 डॉलरचा डबा आपल्या कामाचा नाही, कारण राउंड ही बाजारात हिंडून घासाघीस करायची वस्तू नाही. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती राउंड ते लिहिलेलं असतं, दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. दुसऱ्याच्या परवान्यावरचे उरलेले राउंड "ॲडजस्ट" करून घेणं हा गुन्हा आहे. असं कुणी सुचवलं तर त्याच्याशी चहा जरूर प्या, व्यवहार नको. मेहुण्याने येताना बॅगेत दोन डबे आणण्याचा विचार असेल तर तोही सोडा. विमानतळावर एक जिवंत राउंड सापडला तरी शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभं राहतं. रिकामी काडतुसं पुन्हा भरायची आयडिया आमच्या ओळखीच्या एका उत्साही गृहस्थांना सुचली होती, म्हणून तेही सांगतो. पॉइंट टू-टूमध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेलाच असतो. एकदा उडवली की ती कड चेपते आणि काडतूस भंगारात जातं. म्युनिशन्स इंडिया या दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय पुण्यात आणि खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आपल्या गावात, म्हणून पुणेकराला काही सवलत नाही. लोणावळ्यात राहून चिक्की फुकट मिळत नाही तसंच.

मी कॉलेजात एनसीसीत होतो. कॅम्पला पॉइंट टू-टू डिलक्स रायफलीचे पाच राउंड मिळायचे, पाचच. सुभेदारसाहेब उडालेली पाचही काडतुसं हातावर मोजून घ्यायचे. एकदा माझं एक गवतात पडलं, तर अख्खी तुकडी अर्धा तास गुडघ्यांवर बसून ते शोधत होती. राउंडला किंमत असते हे मला तिथे कळलं. तेव्हा ती सरकार भरत होतं, एवढाच फरक.

तुमच्या बाबतीत ती तुम्ही भरणार आहात. समजा मुलीने पॉइंट टू-टू सुरू केली आणि अगदी बेताने, आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला 60 शॉट केले. वर्षाचे 44 आठवडे धरू, परीक्षा आणि गणपती वगळून. 7,920 राउंड होतात. 22 रुपयांनी 1,74,240. स्पर्धेसाठी आणि लॉट (एका खेपेत बनलेले राउंड) तपासायला 1,000 चांगले राउंड, 45 रुपयांनी, म्हणजे आणखी 45,000. एकूण 2,19,240, महिन्याला 18,270 रुपये. भाव दरवर्षी 6 टक्के वाढले असं धरलं तर पाच वर्षांत 12 लाख 36 हजार. रायफल साडेसात लाखांची आणि तिच्या तोंडी जाणारे राउंड सव्वाबारा लाखांचे. दुकानदाराने तुम्हाला फक्त पहिला आकडा सांगितला. त्याचं तेवढंच काम आहे. एवढे राउंड घेण्याइतका कोटा नवख्या परवान्यावर मिळेल का, हाही प्रश्न आहेच.

आता तुमची शिल्लक बघा. 1,65,000 मधून 48,000, 25,000, 16,000 आणि 55,000 वजा केले की 21,000 उरतात. त्यातले 18,270 राउंडला गेले की 2,730 राहिले. त्यात गाडीचा विमा, सोसायटीचं रंगकाम, आईंचा मोतीबिंदू आणि दिवाळी. जमणार नाही हे तुम्हालाही दिसत असेल.

लॉट तपासणं म्हणजे काय, ते इथेच सांगतो, कारण "स्वस्त राउंड" या शब्दाचा खरा अर्थ त्यात आहे. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन डबे एकाच नळीतून सारखे जातीलच असं नाही. म्हणून रायफल पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटचे दहा-दहा राउंड 50 मीटरवर उडवतात आणि छिद्रांचा पुंजका किती घट्ट पडतो ते बघतात. 50 मीटरच्या लक्ष्याच्या कार्डावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर असतं, शर्टाच्या बटणाएवढं. राउंडच जर नेम बरोबर असूनही बाहेर जात असेल तर मुलीला कळणार कसं की चूक तिची की डब्याची? ती आपली उभं राहायची पद्धत बदलत बसेल आणि प्रशिक्षक डोक्याला हात लावतील. वाईट राउंड फुकट मिळाला तरी महागच पडतो. 22 ऐवजी 14 रुपयांचा शोधत फिरण्यापेक्षा 22 वाले कमी उडवा.

एअर रायफलचा हिशोब याच्या शेजारी ठेवून बघा. 500 पेलेटची (शिशाच्या छोट्या गोळ्यांची) डबी 900 रुपयांना धरली तर एक पेलेट 1 रुपया 80 पैशांना पडतो. आठवड्याचे चार दिवस, रोज 80 शॉट, 44 आठवडे: 14,080 पेलेट, 25,344 रुपये. दीडपटीहून जास्त शॉट, आठव्या-नवव्या हिश्शाच्या पैशांत. त्याला परवाना लागत नाही. 10 मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे शिकण्यात काही हलकेपणा आहे असं मुळीच नाही. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. घरी भिंतीवर ठिपका लावून पेलेट न घालता अर्धा तास नुसतं धरून उभं राहण्याचा सराव करता येतो, तो तर पूर्ण फुकट.

परवान्याचीही अडचण आहे. स्वतःच्या नावावर परवाना घ्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे पुढची सात वर्षं रायफल तुमच्या नावावर, आणि ती सरावाला जाईल तेव्हा रायफलीसोबत तुम्ही हजर. कर्वेनगरहून चांदणी चौकातून संध्याकाळी साडेपाचला बालेवाडी, आठवड्यातून तीनदा, तुमच्या कॉलच्या वेळात. घरी कुलपाची भक्कम तिजोरी, नूतनीकरण, निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची नोटीस आणि सवलतीसाठी अर्ज. यात पैसे फार नाहीत, पण रजा जातात.

स्वप्निल कुसळेचं नाव तुमच्या मनात असणार. कोल्हापूरचा मुलगा, तेव्हा पुण्यात रेल्वेत तिकीट तपासनीस, पॅरिस ऑलिम्पिकला 1 ऑगस्ट 2024 ला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून) 451.4 गुणांनी कांस्य. पण तो लहानपणीच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता आणि नंतर रेल्वेची नोकरी होती. एका घराच्या बोनसवर ती मजल झालेली नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, खेलो इंडियाची महिना 10,000 ची मदत, हे सगळं आहे. मिळालं तर आनंदाने घ्या, पण आजच्या बजेटमध्ये जमेला धरू नका.

मग साडेचार लाखांचं काय करायचं? मुलीला तिची स्वतःची एअर रायफल घ्या, 2,40,000 च्या आत, वापरलेली चालेल. रेंजच्या रायफलीवर तिच्या आधी कुणीतरी गालपट्टी सरकवून गेलेलं असतं, रोजचा पहिला अर्धा तास ते जुळवण्यात जातो. हा खर्च मला पटतो. 60,000 जॅकेट, पँट आणि प्रवासाला. जॅकेट भारीतलं शिवून घेऊ नका. 14 व्या वर्षी मुलं वेलीसारखी वाढतात आणि कडक कॅनव्हासचं जॅकेट उसवून मोठं होत नाही. उरलेले 1,50,000 एफडीत टाका, म्हणजे ती पाच लाखांची होईल. ती एफडी तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिना एक लाखाच्या वर जातात, तेव्हा साडेतीन लाख म्हणजे जेमतेम तीन महिने, आणि तुम्ही आयटीत आहात. ती मोडायची नाही. एसआयपीलाही हात नको.

पॉइंट टू-टूचा विचार कधी करायचा? ती राज्य स्पर्धेतून मावळणकर स्पर्धेला आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेला पोचली की. (दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, यांनी 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी केली, स्पर्धेला नाव त्यांचंच.) पुढे नामांकित नेमबाज म्हणून नोंद झाली की राउंडचा कोटा वाढतो, आयातीची वाट उघडते आणि तुमचा "स्वस्त राउंड" खऱ्या अर्थाने तिथे भेटतो. तोवर तिला 50 मीटरची चव घ्यायची असेल तर क्लबच्या रायफलीवर, त्यांच्या देखरेखीखाली, महिन्यातून एकदा. 60 राउंड, 1,320 रुपये. 21,000 मधून हे सहज निघतात.

तुमच्या छंदाचं म्हणाल तर मुलीच्या शेजारची लेन घ्या. ती तुम्हाला दर शॉटला हरवेल. सेमी-ऑटो पुढच्या वेळी मेहुण्याच्या रेंजवर, राउंड त्याच्या खर्चाने.

वापरलेली एअर रायफल बघायला जाल तेव्हा नळीच्या आधी तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. बऱ्याच सिलिंडरांची मुदत तयार झाल्यापासून 10 वर्षं असते, आणि "एकदम टकाटक, फारशी वापरलेलीच नाही" असं सांगणारा विकणारा नेमका साडेनऊ वर्षांचं सिलिंडर हातात ठेवतो. दोन सिलिंडर मिळत असतील तर दोन्ही फिरवून बघा. तारीख जवळ आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत विचारून तेवढी भावातून कमी करायला लावा, आणि कागदावर विकणाऱ्याची सही घ्या.