दिव्यांगांच्या राखीव पार्किंगमध्ये गाडी लावली तर किती दंड होतो? आणि ५ मिनिटांसाठी लावली तर एवढं काय बिघडतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दिव्यांगांसाठी राखीव जागेत गाडी लावणाऱ्याला किती दंड होतो, आणि जागा रिकामीच पडलेली असताना ५ मिनिटांसाठी लावली तर हा दंड जरा अतीच नाही का. पहिल्याचं उत्तर देशागणिक बदलतं, ते सांगतो, पण दुसऱ्यावर मला जास्त बोलायचंय, कारण माझा मोठा भाऊ व्हीलचेअर वापरतो आणि स्वतः गाडी चालवतो, हाताने चालणारा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवून घेतलेली, त्यामुळे आमच्या घरात हा विषय रोजचा आहे.

आधी आकडे. फ्रान्समध्ये १३५ युरो. तिकडे बऱ्याच ठिकाणी पाटीखाली लिहिलेलंही असतं की माझी जागा घेतोयस तर माझं अपंगत्वही घे. जर्मनीत ५५ युरो, ऐकायला कमी वाटतात, पण तिथे गाडी सरळ उचलून नेतात आणि टोइंगचा खर्च मालकाच्या बोकांडी बसतो, तो दंडापेक्षा कितीतरी जास्त होतो. कॅलिफोर्नियात २५० ते १००० डॉलर, परत परत पकडले गेलात की वरच्या टोकाला. संयुक्त अरब अमिरातीत १००० दिरहम आणि वर लायसन्सवर ६ ब्लॅक पॉइंट, म्हणजे चालकाच्या नावावर जमा होणारे दंडाचे गुण. भारतात चुकीच्या पार्किंगला बहुतेक वेळा मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं, म्हणजे पहिल्यांदा ५०० आणि नंतर १५०० रुपयांपर्यंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ८९ आहे, त्यात तो कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळेला १०,००० पर्यंत आणि पुढच्या वेळेला ५०,००० ते ५ लाख दंड आहे, पण त्याचा खरा धाक गाडीवाल्यापेक्षा नियमाप्रमाणे सोयी न करणाऱ्यांना असायला हवा, कारण बस स्टॉप, रेल्वे स्टेशन, विमानतळावर पार्किंगसकट सोयी असल्याच पाहिजेत असं तोच कायदा सांगतो.

आता ५ मिनिटांचं. लोकांना वाटतं ही जागा दाराजवळ असते म्हणून राखीव असते, चालायचं अंतर कमी व्हावं एवढ्यासाठी. अंतर आहेच, पण व्हीलचेअरवाल्याला त्याहून जास्त गरज रुंदीची असते. अमेरिकेच्या नियमात बघा, गाडीसाठी किमान ८ फूट आणि शेजारी ५ फुटांचा तिरक्या पट्ट्यांचा मोकळा भाग, तोही सहज कोणी गाडी लावणार नाही असा रंगवलेला. तो पट्टा कशाला हे दादाला उतरताना पाहिलं की लगेच कळतं. दार पूर्ण उघडायचं, अर्धवट नाही चालत. मग शेजारच्या सीटवर ठेवलेली व्हीलचेअरची फ्रेम स्वतःच्या अंगावरून बाहेर काढून जमिनीवर टेकवायची, एकेक चाक लावायचं, गादी टाकायची, खुर्ची सीटला चिकटवून उभी करायची, ब्रेक लावायचे, आणि दोन्ही हातांवर सगळं वजन तोलून अंग खुर्चीत सरकवायचं. हे सगळं दार आणि शेजारची गाडी यांच्यामधल्या जागेत. साध्या पार्किंगमध्ये आपण पोट आत घेऊन तिरके होऊन निघतो, ते त्याला शक्यच नाही. म्हणून साध्या १० जागा रिकाम्या असल्या तरी त्याच्यासाठी त्या नसल्यासारख्याच.

आणि उतरताना जागा नसेल तर निदान माघारी तरी फिरता येतं, पण काम आटपून परत आल्यावर काय करणार? एकदा आम्ही बाहेर आलो तर त्या पट्ट्यांवर कोणीतरी बाइक लावून गेलेलं, हँडल लॉक करून, म्हणजे ढकलायचीही सोय नाही. गाडी दादाची, चावी दादाच्या हातात, आणि तो स्वतःच्या गाडीत बसू शकत नाही. मी होतो म्हणून मी गाडी पुढे काढली आणि तो मोकळ्या जागेत जाऊन बसला, पण एरवी तो एकटाच फिरतो, एकटा असता तर बाइकवाला उगवेपर्यंत तिथेच थांबणं आलं. तो मुलगा आला तेव्हा अगदी सहज म्हणाला, अहो मी कुठे राखीव जागेत लावली, मी तर बाजूला लावली. त्याला खरंच माहीत नव्हतं. म्हणून मला वाटतं पट्ट्यावर गाडी लावणं हा राखीव जागेत लावण्याइतकाच गुन्हा आहे, आणि हे पाटीवर स्पष्ट लिहिलं पाहिजे.

जागा रिकामी दिसते म्हणून ती वाया चाललीय असं नाही हो. ती रिकामी असणं हेच तिचं काम आहे, फायर एक्झिटसमोरची जागा रिकामी ठेवतो तसंच. आणि ५ मिनिटांसाठी लावणाऱ्याला त्याने कोणाचं काय अडवलं हे कधीच दिसत नाही, कारण ज्याला जागा मिळाली नाही तो एक चक्कर मारतो, दोन मारतो आणि न उतरताच घरी निघून जातो, भांडायला थांबत नाही. त्यात असे ५ मिनिटंवाले एकामागून एक येत राहिले की जागा दिवसभर अडलेलीच.

त्यामुळे दंड हवाच, पण माझ्या मते नुसता आकडा वाढवून भागत नाही. दंड कितीही मोठा ठेवा, पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर तो कागदावरच राहतो. त्यापेक्षा रक्कम मध्यम असू दे, पण चलान नक्की फाटलं पाहिजे आणि गाडी तिथून लगेच हलली पाहिजे. जॅमर लावणं तर मला अजिबात पटत नाही. ज्याला जागा हवीय तो आत्ता, या मिनिटाला तिथे उभा आहे, आणि तुम्ही अडवणारी गाडी तिथेच अडकवून ठेवता!

खरी कडक शिक्षा हवी ती परमिटचा, म्हणजे राखीव जागा वापरायची परवानगी देणाऱ्या, काचेवर ठेवायच्या कार्डाचा गैरवापर करणाऱ्यांना. न बघता गाडी लावणारा वेगळा, आणि घरातल्या आजारी माणसाचं, कधीकधी तर वारलेल्या माणसाचं परमिट काचेवर ठेवून आरामात शॉपिंगला जाणारा वेगळा. ब्रिटनमध्ये ब्लू बॅजचा, म्हणजे तिथल्या अशा परमिटचा, असा वापर केला तर १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि बॅजही काढून घेतात, कारण बॅज गाडीला नसतो, माणसाला असतो. तो माणूस गाडीतच बसून राहणार आणि तुम्ही एकटे उतरून त्याच्या बॅजवर तुमची कामं करणार, हेसुद्धा तिथे चालत नाही. भारतात दिव्यांगांसाठीचे फायदे फसवणुकीने लाटले तर त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ९१ आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

एक मात्र कळकळीने सांगतो. कोणी राखीव जागेत गाडी लावून चालत उतरला म्हणून लगेच त्याच्यावर धावून जाऊ नका. हृदयाचा आजार, फुप्फुसाचा आजार, कृत्रिम पाय, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जासंस्थेचा आजार, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही, आणि काही लोक सकाळी चालू शकतात पण संध्याकाळी चार पावलं टाकवत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ब्लू बॅज मिळू शकतो. तुम्ही काचेवर परमिट आहे की नाही एवढं बघा, ते खरं की खोटं हे तपासणं अधिकाऱ्यांचं काम.

परमिट नसेलच तर वाद न घालता फोटो काढा. एकाच फोटोत नंबर प्लेट, पाटी किंवा जमिनीवरचं चिन्ह, आणि परमिट नसलेली पुढची काच असं सगळं आलं पाहिजे, नाहीतर मालक म्हणतो गाडी दुसरीकडेच होती. वेळ दिसेल असा दुसरा फोटो थोड्या वेळाने काढा. रस्त्यावर असेल तर ट्रॅफिक पोलिसांकडे तक्रार करा. खासगी पार्किंग असेल तर आधी तिथल्या मॅनेजमेंटकडे जा, कारण सरकारी नियम तिथे जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही, ब्रिटनमध्येसुद्धा ब्लू बॅज योजना खासगी कारपार्कला आपोआप लागू होत नाही. तोंडी सांगून सोडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी तक्रार शिफ्ट बदलली की विसरली जाते.