वाचकांचे प्रश्न : घरावरचे सोलर परवडते का?

छतावरच्या सोलरबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत. रुपयांचे आकडे वाचकांनी पाठवलेल्या बिलांवरून आणि कोटेशनवरून घेतले आहेत. तुमच्या हातातले कागद वेगळे असतील तर तेच आकडे घालून हिशेब करा.

प्रश्न : आमचे घर स्लॅबचे आहे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दोन कूलर आणि फ्रिज मिळून महिन्याला ३४० युनिटच्या आसपास जातात, एरवी १७५. वर्षाचे बिल साधारण २८,००० रुपये होते. सोलरवाला म्हणतो, तीन किलोवॅट बसवा, सबसिडी पूर्ण मिळेल. त्याचे कोटेशन तीन किलोवॅटला १,९५,००० आणि दोनला १,४०,००० आहे. काय करावे? (एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती)

दोन किलोवॅट बसवा. तुमच्या घराला तेवढेच पुरते.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. कमाल सबसिडी ७८,००० आहे. म्हणजे दोन किलोवॅटला तुमच्या खिशातून ८०,००० जातील आणि तीनला १,१७,०००. हे वरचे ३७,००० वसूल होतील का, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडे एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट मिळतात. धूळ आणि वीज जाण्याचे तास वजा करून वर्षाला १,३०० युनिट धरा. दोन किलोवॅटचे २,६०० झाले. तुमचा वर्षाचा वापरही २,६०० च्या घरात आहे, म्हणून जमाखर्च जुळल्यासारखा दिसतो. पण नेट मीटरचा, म्हणजे लाइनवरून घेतलेली आणि लाइनवर सोडलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा, हिशेब ३१ मार्चला बंद होतो. महिन्यामागून महिना पुढे ओढलेली शिल्लक युनिट त्या दिवशी महावितरण कमी दराने विकत घेते आणि १ एप्रिलला तुमचे खाते शून्यावर येते. विदर्भात हेच अडते. ऑक्टोबर ते मार्च आभाळ निरभ्र, पॅनल थंड आणि घरात वापर कमी, त्यामुळे शिल्लक साठते. कूलर खिडकीत बसवायची वेळ येते तेव्हा ती शिल्लक निघून गेलेली असते.

दोन किलोवॅटवर तुमचे वर्ष साधारण असे जाईल. एप्रिल ते जून महिन्याला २६० युनिट तयार होतील, वापर ३४०, म्हणजे ८० चे बिल भरावे लागेल. जुलै ते सप्टेंबर ढगांमुळे १६० वर येईल, वापर १७५, बिल १५ युनिटचे. ऑक्टोबर ते मार्च २२५ तयार होतील आणि ५० शिल्लक पडतील. उरलेली ८० आणि १५ युनिट शंभरच्या आतल्या स्वस्त टप्प्यातली असतात. सोलर आधी बिलाचा वरचा, महाग भाग कापते, आणि खरी कमाई तिथेच होते. स्थिर आकार मात्र दरमहा द्यावाच लागतो. तो धरूनही वर्षाला २३,००० ते २४,००० वाचावेत. म्हणजे ८०,००० साडेतीन वर्षांच्या आत वसूल.

तिसरा किलोवॅट उन्हाळ्यातली ती ८० युनिट आणि पावसाळ्यातली १५ भरून काढेल, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन-अडीच हजारांची बचत. बाकी सारी शिल्लक ३१ मार्चला पडेल त्या भावात जाईल. पुढच्या वर्षी एसी किंवा इंडक्शन शेगडी नक्की घेणार असाल तर गोष्ट वेगळी. नुसता विचार असेल तर थांबा, पॅनल नंतरही वाढवता येतात. तेवढ्यासाठी सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारे यंत्र, आताच तीन किलोवॅटचा घेऊन ठेवा.

दोन गोष्टी हिशेबात धराच. आठ-दहा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागतो, त्याचे २५,००० ते ३०,००० बाजूला ठेवा. आणि सबसिडी काम पूर्ण झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हीच उभी करायची असते. कोटेशन २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचे असेल तर नवे मागा. त्या तारखेपासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

प्रश्न : आमचे महिन्याला जेमतेम ७० युनिट होतात, बिल सहाशे-साडेसहाशे. शेजाऱ्याने बसवले म्हणून घरचे मागे लागले आहेत. (एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

स्वतःचे पैसे घालून बसवण्याची घाई करू नका. शंभरच्या आतली युनिट सर्वांत स्वस्त असतात, त्यामुळे वाचवण्यासारखे फार नाही. एक किलोवॅटला ७०,००० लागले आणि ३०,००० परत मिळाले, तरी ४०,००० वसूल व्हायला सात वर्षे जातील. मात्र महिन्याला शंभर युनिटच्या आतल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी केंद्राच्या सबसिडीवर राज्याचीही वेगळी मदत आहे. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात बिल दाखवून तुम्ही तिच्यात बसता का ते आधी विचारा. बसत असाल तर जरूर घ्या.

प्रश्न : गावात दुपारी दोन-तीन तास लाइट जाते. सोलर असले की तेव्हाही पंखे चालतील ना? (एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

नाही. सबसिडीत सर्रास बसतो तो ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनशी जोडलेला, इन्व्हर्टर असतो आणि लाइट गेली की तोही बंद पडतो, डोक्यावर रणरणते ऊन असले तरी. हा त्याचा दोष नाही. तुमच्या छतावरची वीज बंद तारेत शिरली तर डीपीवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. हे विकताना बहुतेक जण सांगत नाहीत आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात भांडणे होतात.

यात दुहेरी नुकसान आहे. तीन किलोवॅटच्या संचाची भर दुपारची एक तासाची वीज म्हणजे दोन-सव्वादोन युनिट. रोज दुपारी तीन तास गेले तर दिवसाचे निम्मे उत्पादन बुडाले. म्हणून कोटेशन मागण्याआधी पंधरा दिवस वहीत लिहा : सकाळी ९ ते ४ मध्ये लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली. रोज सरासरी अर्धा-पाऊण तास जात असेल तर ऑन-ग्रिड ठीक. दोन तासांच्या वर असेल तर वसुलीची मुदत दीडपट धरा, नाहीतर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्या. तो बराच महाग पडतो आणि सबसिडी बॅटरीमुळे वाढत नाही.

घरी साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर मधला मार्ग सोपा आहे. ती जोडणी आहे तशी ठेवा आणि ऑन-ग्रिड सोलर वेगळे बसवा. १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते, हाती सव्वा युनिट येते. दोन पंखे आणि चार दिवे त्यावर सहा तास निघतात. कूलर आणि पाण्याची मोटर त्यावर नको. सोलर इन्व्हर्टरची तार या घरगुती इन्व्हर्टरच्या किंवा जनरेटरच्या आउटपुटला कोणाच्याही सांगण्यावरून जोडू नका, दोन्ही जळतील.

लाइट असूनही दुपारी सोलर इन्व्हर्टर बंद पडत असेल तर त्याच्या पडद्यावर काय दिसते ते पाहा. ओव्हर व्होल्टेज दिसले तर बहुधा खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बारीक असते किंवा न्यूट्रलचा जोड सैल असतो. लाइनच्या टोकाच्या घरांत हे जास्त होते. वायर बदलण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पडद्याचा फोटो सोबत लावा. इन्व्हर्टर बदलून काही होणार नाही.

प्रश्न : घर टिनाचे आहे, मागची पडवी कवेलूची. वादळात पॅनल उडणार तर नाहीत? (एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा)

कवेलूवर बसवूच नका, खालचे फाटे तो जोर पेलत नाहीत. टिनावर बसते, पण टिना कशावर टेकल्या आहेत ते आधी बघावे लागते.

लोक वजनाचा विचार करतात, वाऱ्याचा करत नाहीत. ५४० वॅटचे एक पॅनल सुमारे २८ किलोचे असते, दोन किलोवॅटला चार लागतात, म्हणजे सव्वाशे किलोही नाही. पण तेच पॅनल अडीच चौरस मीटरचे आहे. नागपूर भागासाठी बांधकामात वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्या वेगाला एका पॅनलवर अडीचशे ते तीनशे किलोंचा जोर येऊ शकतो. मे-जूनच्या वादळात पॅनल क्वचितच एकटे उडते. सुटते ते पॅनल, पट्टी, टिन सगळे मिळून.

म्हणून टिनावर पट्ट्यांचे स्क्रू नुसत्या पत्र्यात नकोत, खालच्या लोखंडी आडव्यांत शिरले पाहिजेत. प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती हवी, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळेल. आडवे लाकडी आणि वाळवी लागलेले असतील तर आधी ते बदला. पॅनल टिनाच्या कडेपासून फूटभर आत ठेवा, वारा कडेलाच जास्त उचलतो. स्लॅबवर बसवणाऱ्यांनी खांबाखालचे काँक्रीटचे ठोकळे मोजावेत : एक फुटाचा ठोकळा सुमारे ७० किलोचा असतो, दीड फुटाचा सव्वादोनशेच्या वर. एक फुटाच्या चार ठोकळ्यांवर चार पॅनल उभे करून निघून जाणारे असतात, त्यांना थांबवा. सांगाडा गरम झिंकात बुडवलेला असावा, नुसता चंदेरी रंग दिलेला नको.

गारपिटीची भीती थोडी कमी ठेवा. प्रमाणित पॅनल २५ मिलिमीटरच्या गारेची चाचणी पास झालेले असते. लिंबाएवढ्या गारा पडल्या तर काच फुटू शकते, त्यासाठी घराच्या विम्यात संचाची नोंद करून घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बसवले. पहिल्या वर्षापेक्षा युनिट कमी येतात. दर आठवड्याला बोअरच्या पाण्याने धुतो तरी काचेवर पांढरट थर आहे. (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

तो थर धुण्यामुळेच आला आहे. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. बोअरचे पाणी काचेवर वाळते, क्षार मागे राहतात आणि वरून ऊन त्यांना भाजून पक्के करते. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावे. पावसाचे साठवलेले किंवा पिण्याच्या नळाचे पाणी वापरा आणि रबरी पट्टीने ओढून काच लगेच कोरडी करा. आधीचा थर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून मऊ फडक्याने हळूहळू निघतो. संडास धुण्याचे अ‍ॅसिड, राख, तारेची घासणी यांना हात लावू नका. धुणे सूर्योदयाच्या सुमारास करा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते.

दर आठवड्याला धुण्याचीही गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. तुरीच्या मळणीत कुटार उडते तेव्हा मात्र लगेच. उतार कमी असेल तर पॅनलच्या खालच्या चौकटीला मातीची पट्टी साचते, ती दोन बोटांची असली तरी खालची रांग झाकते. सावलीही पाहा : दोन वर्षांत कडुनिंब वाढला असेल किंवा नवी टाकी आली असेल, तर एका पॅनलवरची सावली सगळ्या ओळीला मागे ओढते.

मे महिन्यात दुपारी आकडा कमी दिसला तर घाबरू नका. ४५ अंशांच्या हवेत पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापते आणि १५ टक्के वीज त्यातच जाते. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आणखी एक, अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते. फेब्रुवारी ते जून खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. पॅनलची बाजू, घराची बाजू आणि आभाळातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक असे तीन वेगळे रॉड हवेत, आणि खारट मातीत ते तांब्याचा मुलामा दिलेले असावेत.

प्रश्न : शेतातल्या सौर पंपाच्या पॅनलवर घर चालवता येईल का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नाही. पंपाचा कंट्रोलर उन्हाप्रमाणे मोटरची गती बदलत वीज देतो, ती घरातल्या उपकरणांना चालत नाही. आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतल्या संचाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते, तार तोडून जोडली तर ती जाईल.

प्रश्न : बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. अर्ज करता येईल का? (एक वाचिका, ता. सेलू, जि. वर्धा)

आधी नाव बदला. मृत्यूचा दाखला, वारसांचे संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा घेऊन महावितरणकडे अर्ज करा, थकबाकी असेल तर भरा. बिल, आधार आणि बँक खाते यांवरचे नाव अक्षराला अक्षर जुळले पाहिजे, सबसिडी इथेच अडकते. मग पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाका. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट नाही.

विक्रेत्याला सगळे पैसे एकदम देऊ नका. करारात पॅनलची संख्या, वॅट, देशी सेलचे म्हणजे डीसीआर पॅनल आणि पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या. डीसीआर नसेल तर सबसिडी नाही. पॅनल आले की मागच्या चिठ्ठीवरचे अनुक्रमांक स्वतः उतरवा. शेवटचे दहा टक्के नेट मीटर लागल्यावरच द्या. ते लागेपर्यंत संच चालू करू देऊ नका, काही जुने मीटर बाहेर गेलेली वीजही तुमच्या वापरात मोजतात आणि बिल उलट वाढते.