नोबिल ऑर्किडची पानं गळाली तरी कुंडी फेकू नका

तुमच्या ऑर्किडची पानं गळून नुसत्या काड्या उरल्यात असं तुम्ही विचारलंत, पण घाबरू नका. तुमच्या वर्णनावरून हे डेंड्रोबियम नोबिल आहे, आणि थंडीत पानं टाकणं हा त्याचा स्वभावच आहे. काडी बोटांत धरून बघा. टणक आणि हिरवट असेल तर थोडी सुरकुतलेली असली तरी जिवंत आहे. दाबल्यावर मऊ लागली, तपकिरी पाणी सुटलं, तर तेवढीच कापा.

बिनपानांच्या निरोगी काड्या मात्र अजिबात कापू नका, हे अगदी कळकळीनं सांगतेय. फुलं त्यांच्याच पेरांवर येतात!

पुण्या-नाशकाकडची थंडी याला मानवते. नोव्हेंबरपासून खत पूर्ण बंद, पाणी जवळजवळ बंद. काड्या फारच आक्रसल्या तर सकाळी हलकी फवारणी करा. कुंडी उजेडात, रात्रीचा गारवा लागेल अशी ठेवा. १५ अंशांखालच्या रात्री कळ्या धरायला मदत करतात. दया येऊन पाणी घालत राहिलात तर कळ्यांऐवजी पिल्लं, म्हणजे काडीवरच वाढणारी छोटी रोपं, फुटतात. पेरावरचा फुगवटा गोलसर राहिला तर कळी, त्यातून पान उघडलं तर पिल्लू. (पिल्लंही टाकू नका, मुळं बोटभर झाली की वेगळी लावा.) कळ्या स्पष्ट दिसल्यावरच पाणी हळूहळू वाढवा.

नंतर बुडातून कोंब येतील. त्यांची मुळं वाढली की भरपूर पाणी आणि सौम्य खत सुरू करा. कुंडीत माती नकोच. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं पुरतात.

मुंबईत राहत असाल तर थंडी कमी पडते, तिथे डेनफाल (उष्ण हवा मानवणारं डेंड्रोबियम) सोपं जाईल.