पावसात गटाबरोबर निघण्यापूर्वी एकच विचारा: सर्वांत मागे कोण राहणार?

आपण विचारले आहे की, गिअरची सायकल नुकतीच घेतली आहे, एका गटाने रविवारी पुण्याहून पौडमार्गे कोळवण खोऱ्यात येण्याचे आमंत्रण दिले आहे, पाऊस असणारच आहे, तर सामान काय घ्यावे आणि आपला वेग कमी असला तर चालेल का. सामानाचे पुढे सांगतो. आधी त्या गटाला विचारा, की सर्वांत मागे कोण राहणार आहे. 'ज्याने त्याने आपापल्या वेगाने यावे, चहाला भेटूच,' असे उत्तर आले, तर त्यांच्याबरोबर हिवाळ्यात खुशाल जा; पावसाळ्यात जाऊ नका.

याच रस्त्यावर काही वर्षांपूर्वी, भातलावणीच्या दिवसांत, आमचा गट पहाटे चांदणी चौकातून निघाला होता. पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत सगळे एकमेकांना दिसत होते. पौड सोडून कोळवणकडे वळलो आणि मोठी सर आली, तसे पुढचे लोक वेग वाढवून दिसेनासे झाले. मागे बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या. त्या सावकाश, पण न थांबता चालवतात. मी नेहमीच शेवटी राहतो, म्हणून त्यांच्या मागे होतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्ताभर चिखल आणून ठेवला होता. तो पार करताच काकूंचे मागचे चाक बसले. जादा ट्यूब आणि चांगला पंप आमच्या म्होरक्याच्या पिशवीत होता, कारण 'सगळ्यांसाठी मी घेतो, ओझे वाढवू नका,' असे त्यानेच आदल्या दिवशी सांगितले होते. त्याचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

माझ्याजवळ पॅच आणि छोटा पंप होता. ट्यूब घासली, सोल्युशन लावले, पण ओल्या रबरावर पॅच धरत नाही. बोट काढले की तो सरकायचा. शेवटी लावणी करणाऱ्या एका शेतकरीदादांनी आम्हाला गोठ्याच्या पडवीत बोलावले, कोरडे फडके दिले, आणि तिथे ते काम झाले. टायरच्या आतून बोट फिरवले तेव्हा केसाएवढी बारीक तार सापडली. ती काढली नसती तर नवी ट्यूबही लगेच गेली असती. तोवर भिजलेल्या सुती कपड्यांत काकूंचे दात वाजू लागले होते. घरातल्या ताईंनी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि कोरा चहा दिला.

आम्ही कोळवणला पोहोचलो तेव्हा गटाची भजी खाऊन झाली होती. म्होरक्या म्हणाला, "पावसात थांबले की अंग गार पडते, म्हणून आम्ही थांबलो नाही. प्रत्येकाने स्वतःची जबाबदारी घ्यावी." हा युक्तिवाद तो आजही करतो आणि मला आजही तो मान्य नाही. थांबल्यावर अंग गार पडते हे खरेच आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मागच्याला एकटे सोडता येत नाही: पॅडल मारणारा गरम राहतो, पंक्चर काढत बसलेला गारठतो. शिवाय सगळ्यांची ट्यूब स्वतःकडे घेणाऱ्याने स्वावलंबनाचा उपदेश करू नये. पावसात गटाचा वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याने ठरवावा, प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबावे, आणि पंप व ट्यूब शेवटच्याकडे असावी. तेव्हा आपला वेग कमी असणे ही मुळीच अडचण नाही.

आता सामान. स्वतःची ट्यूब प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्या, कारण पावसात पॅच लावण्यापेक्षा ट्यूब बदलणे सोपे असते. सुती कपडे नकोत. मडगार्ड मागच्या चाकाला लांब बसवा. ते आपल्यापेक्षा मागून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. ब्रेक रिमवर लागणारे असतील, तर ओल्या रिमवर ते पहिले काही फेरे नुसते पाणी पुसतात आणि मग धरतात, म्हणून आधीच हलके दाबून ठेवा आणि पुढच्या सायकलपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखा. डबक्यातून जाऊ नका, खाली खड्डा किती आहे ते दिसत नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि चिखलावर वळू नका, ब्रेकही दाबू नका. घरी परतल्यावर चेन पुसून तेल द्या.

वेगाने जाणाऱ्यांवर माझा राग नाही. सरावासाठी जायचे असेल तर तसे आधी जाहीर करावे, म्हणजे नवा माणूस येणार नाही. आणि गट कितीही चांगला असला, तरी कोणी कोळवणऐवजी पुढे ताम्हिणीला जाऊ म्हणाले तर नकार द्या. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता, आणि एरवीही पावसाळी रविवारी त्या घाटात मोटारींची इतकी गर्दी असते, की सायकलला कडेची जागाही उरत नाही.