डिझायनर न ठेवता दुकानाची इन्स्टाग्राम पोस्ट उठावदार कशी करायची?
कॅनव्हा या डिझाइन अ‍ॅपची फुकट आवृत्ती पुरते. पान १०८० × १३५० पिक्सेलचं घ्या. चौकोनी पोस्टपेक्षा मोबाइलवर जास्त जागा व्यापतं. एकच फोटो, दोन रंग, पाच-सहा शब्दांचा मथळा. पत्ता-बित्ता खाली कॅप्शनमध्ये.

घोळ होतो तो मराठी अक्षरांचा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, ते शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र १.४ च्या आसपास हवं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फॉन्ट मुक्ता किंवा बलू, ठळक. फोटोवर अक्षरं बुडत असतील तर मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाका. सावल्या, चमक वगैरे नकोच. डाउनलोड पीएनजीमध्ये करा, जेपीजीत अक्षरांच्या कडा फाटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.