वाचकांचे प्रश्न : आधी साल सांगा, मग नकाशा उघडा

या अंकासाठी आलेल्या पत्रांत इस्रायल आणि पॅलेस्टाईन या विषयावरची पत्रे बरीच होती. काहींनी माहिती विचारली आहे, काहींनी घरात आणि ग्रुपवर होणाऱ्या भांडणांवर उपाय विचारला आहे. दोन्ही प्रकारचे प्रश्न खाली घेतले आहेत.

गाझा, वेस्ट बँक, जेरुसलेम ही नावे बातम्यांत सारखी येतात, पण कुठे काय आहे याचा उलगडा होत नाही. सोप्या भाषेत सांगाल का?
– वाचक, राजारामपुरी

भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामध्ये असलेली ही सगळी जमीन साधारण २७ हजार चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साडेतीन पट. एवढ्याशा जागेवर दोन समाजांचा हक्क आहे आणि दोन्ही समाज तिथेच राहणार आहेत, हे धरूनच पुढचे सगळे वाचावे.

गाझा पट्टी समुद्राला लागून आहे. क्षेत्रफळ ३६५ चौरस किलोमीटर, लांबी ४१ किलोमीटर. कोल्हापूरहून निपाणीला जावे साधारण एवढेच अंतर, आणि रुंदी कुठे ६ तर कुठे १२ किलोमीटर. तिथे २० लाखांहून जास्त माणसे राहतात. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती, पण ती ७,६८५ चौरस किलोमीटरमध्ये पसरलेली. इस्रायलने २००५ मध्ये गाझातले सैन्य आणि वसाहती काढून घेतल्या. २००६ची पॅलेस्टिनी निवडणूक हमास या इस्लामी संघटनेने जिंकली आणि जून २००७ मध्ये प्रतिस्पर्धी फताह पक्षाला हुसकावून पट्टी ताब्यात घेतली. तेव्हापासून इस्रायलची नाकेबंदी आहे. दक्षिणेकडची इजिप्तची सीमाही बहुतेक काळ बंदच राहिली, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वेस्ट बँक जॉर्डन नदीच्या पश्चिमेला आहे. ती गाझाला जोडलेली नाही, मध्ये इस्रायल आहे. आकाराने ती कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा लहान. १९४९ ते १९६७ ती जॉर्डनकडे होती आणि गाझा इजिप्तकडे. जून १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने दोन्ही जिंकल्या. पूर्व जेरुसलेमही तेव्हाच घेतले आणि पुढे १९८०च्या कायद्याने संपूर्ण जेरुसलेम आपली राजधानी म्हणून जाहीर केले. जगातल्या बहुतेक देशांना ते मान्य नाही. त्या शहराचा तटबंदीच्या आतला जुना भाग जेमतेम एक चौरस किलोमीटर आहे. ज्यूंची पश्चिम भिंत, ख्रिस्ती लोकांचे पवित्र थडग्याचे चर्च आणि मुसलमानांची अल-अक्सा मशीद, तिन्ही त्यातच. अल-अक्साच्या आवाराची व्यवस्था आजही जॉर्डनच्या वक्फकडे आहे आणि बंदोबस्त इस्रायली पोलिसांचा. कोणी कुठल्या दारातून आत जायचे, कोणी कुठे प्रार्थना करायची यावरून तिथे रक्त सांडले आहे.

आणखी एक गोष्ट. इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे २० टक्के अरब आहेत. ते मतदान करतात, संसदेत निवडून येतात. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्तीही आहेत, बेथलेहेममध्ये त्यांची जुनी घरे आहेत. हा सगळा वाद म्हणजे ‘मुसलमान विरुद्ध ज्यू’ असे म्हटले की ही सगळी माणसे हिशेबातून गळतात.

फाळणीनंतर गांधीनगरला सिंधी बांधव आले, दुकाने थाटली, आज त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही. मग पॅलेस्टिनी लोक तीन पिढ्यांनंतरही निर्वासित कसे?
– वाचक, इचलकरंजी

प्रश्न रास्त आहे आणि कोल्हापूरकरांनी तो विचारावा यालाही कारण आहे. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात दुसऱ्या महायुद्धात उखडले गेलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झाले. म्हणजे एकाच जमिनीवर निर्वासितांच्या दोन कथा आपण पाहिल्या आहेत.

सिंधी लोकांना एका देशाने तत्काळ नागरिक मानले, हा पहिला फरक. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या १९४८च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरे सोडून गेले किंवा हाकलले गेले. काही गावे लढाईच्या भीतीने रिकामी झाली, काही सैन्याने रिकामी केली. दोन्ही प्रकार घडले आहेत आणि इस्रायली इतिहासकारांनीही ते कागदपत्रांतून दाखवले आहे. ही माणसे जिथे गेली तिथे त्यांचे काय झाले, हे देशागणिक वेगळे आहे. जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिले. सीरियाने नागरिकत्व दिले नाही, पण नोकरी-शिक्षणाची दारे बरीच उघडी ठेवली. लेबनॉनने नागरिकत्वही दिले नाही आणि अनेक व्यवसायांतही बंदी घातली. म्हणून बैरूतच्या छावणीतला नातू आणि अम्मानमधला नातू यांची अवस्था एक नाही.

दुसरा फरक नोंदणीचा. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९ मध्ये वेगळी संस्था काढली. तिचे नाव ‘उनरवा’. जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात जो पॅलेस्टाईनमध्ये राहत होता आणि युद्धात घर व उपजीविका दोन्ही गमावून बसला, त्याची नोंद झाली. पुढे वडिलांच्या बाजूने मुला-नातवंडांचीही होत गेली. त्यामुळे सुरुवातीचा साडेसात लाखांच्या घरातला आकडा आज सुमारे ५९ लाखांवर आहे. गाझातली बहुसंख्य माणसे याच नोंदीतली, म्हणजे त्यांची मूळ गावे आजच्या इस्रायलमध्ये.

आता अडले कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या ११ डिसेंबर १९४८च्या ठराव क्रमांक १९४ने सांगितले की, ज्यांना घरी परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहायचे आहे त्यांना परतू द्यावे, बाकीच्यांना भरपाई द्यावी. पॅलेस्टिनी याला हक्क म्हणतात. इस्रायल म्हणतो, ५९ लाख माणसे परत आली तर ज्यूंचे बहुमत असलेला एकमेव देश उरणार नाही. तो आणखी एक मुद्दा मांडतो, आणि तो टाळू नये: १९४८नंतरच्या दोन-तीन दशकांत अरब देशांतून सुमारे ८ लाख ज्यू बाहेर पडले, एकट्या इराकमधून १९५०-५१ मध्ये १ लाख २० हजारांच्या आसपास. घरे, दुकाने मागे टाकून. त्यातले बहुतेक इस्रायलमध्ये नागरिक झाले, अगदी आपल्या सिंधी बांधवांसारखे. त्यांना भरपाई मिळाली नाही.

पण या तुलनेची मर्यादाही ओळखावी. बगदादच्या ज्यूची मालमत्ता इराकने बळकावली, आजच्या इस्रायलमधल्या हैफाच्या अरबाने नव्हे. एका कुटुंबाचे नुकसान दुसऱ्या कुटुंबाच्या खात्यावर मांडून हिशेब मिटत नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यात दोन्हीकडची सरकारे होती, निर्वासितांच्या मालमत्तेचे कायदे दोन्हीकडे झाले. पॅलेस्टिनींच्या बाजूने असे काही करायला सरकारच नव्हते. २००२च्या अरब शांतता प्रस्तावात या प्रश्नावर ‘न्याय्य आणि दोघांच्या संमतीचा’ तोडगा असावा, असे म्हटले आहे. वाटाघाटी झाल्याच तर त्या इथून पुढे सरकू शकतात.

ओस्लो करार झाला होता ना? मग बिनसले कशामुळे?
– वाचक, कागल

इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांच्यातला हा करार १३ सप्टेंबर १९९३ला झाला. पण त्याच्या चार दिवस आधी दोन्ही नेत्यांनी एकमेकांना दिलेली पत्रे जास्त बोलकी आहेत. संघटनेचे प्रमुख यासर अराफत यांनी इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षितपणे अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी पॅलेस्टाईन मुक्ती संघटना ही पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी आहे एवढेच मान्य केले. पॅलेस्टिनी राष्ट्राचा शब्द त्यात नाही.

१९९५च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे तीन भाग पडले. ‘अ’ भागात, सुमारे १८ टक्के जमिनीवर, पॅलेस्टिनी प्रशासन आणि पॅलेस्टिनी पोलीस. ‘ब’ भागात प्रशासन त्यांचे, सुरक्षा इस्रायलच्या हाती. ‘क’ भाग सुमारे ६० टक्के, पूर्ण इस्रायली ताब्यात. ‘अ’ आणि ‘ब’ एकसंध नाहीत, ‘क’च्या मध्ये विखुरलेले तुकडे आहेत. ‘क’ भागातल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याला साधा गोठा बांधायचा किंवा विहीर पाडायची तरी इस्रायली लष्कराच्या नागरी प्रशासनाची परवानगी लागते, ती क्वचित मिळते, आणि विनापरवाना बांधले की बुलडोझर येतो. शेजारच्या टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीला मात्र नळ, वीज, रस्ता मिळतो. तिथल्या रहिवाशाला इस्रायलचा नागरी कायदा लागू, शेतकऱ्याला लष्करी.

ही व्यवस्था पाच वर्षांपुरतीच होती. सीमा, वसाहती, जेरुसलेम, निर्वासित हे अवघड विषय शेवटी घ्यायचे ठरले. हीच मोठी चूक, असे आमचे मत आहे. शेवट लांबत गेला तसतसे दोन्हीकडच्या करारविरोधकांना सवड मिळाली. फेब्रुवारी १९९४ मध्ये वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू अतिरेक्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारले. त्याच वर्षी हमासने इस्रायलमध्ये आत्मघाती स्फोट सुरू केले. नोव्हेंबर १९९५ मध्ये राबिन यांचा खून झाला, खुनी ज्यूच होता. वसाहतींतली वस्ती मात्र वाढतच राहिली. २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली आणि दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला. त्यात सुमारे एक हजार इस्रायली आणि तीन हजारांवर पॅलेस्टिनी मेले. बसमध्ये स्फोट पाहिलेल्या इस्रायलींना वाटू लागले की जमीन सोडून शांतता मिळत नाही. टेकडीवरची वसाहत वाढताना पाहणाऱ्या पॅलेस्टिनींना वाटू लागले की बोलणी करून जमीन मिळत नाही. आजच्या पिढ्या या अनुभवावर वाढल्या आहेत.

भारत पहिल्यापासून इस्रायलचा मित्र होता, हे खरे का?
– वाचक, गडहिंग्लज

नाही. २९ नोव्हेंबर १९४७ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, त्या १३ मध्ये भारत होता. भारताने इराण आणि युगोस्लाव्हियासोबत एकाच संघराज्याची योजना सुचवली होती. सप्टेंबर १९५० मध्ये भारताने इस्रायलला मान्यता दिली, मात्र पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ला जुळले. त्याआधी १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता देऊन झाली होती. दोन्ही मान्यता आजही कायम आहेत.

पदवीच्या वर्गात या विषयावर चर्चा घ्यायची आहे. गेल्या वेळी दहा मिनिटांत आरडाओरड झाली. कशी आखावी?
– प्राध्यापिका, कोल्हापूर

दीड तास आणि २४ विद्यार्थी धरून सांगतो. ‘तुमची बाजू कोणती?’ या प्रश्नाने सुरुवात केली की वर्ग हातचा जातो, तो प्रश्न फळ्यावर येऊच देऊ नका. पहिली १५ मिनिटे कोरा नकाशा द्या. त्यावर १९४७च्या ठरावातली, १९४९च्या युद्धबंदीची आणि १९६७नंतरची रेषा तीन रंगांत काढायला लावा. ठरावाने ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के जमीन दिली होती, युद्धानंतर इस्रायलकडे ७८ टक्के राहिली, हे हाताने काढले की लक्षात राहते. तेव्हाच्या लोकसंख्येत ज्यू साधारण एक तृतीयांश होते, आणि ठराव ज्यू नेतृत्वाने स्वीकारला तर अरबांनी फेटाळला, हेही तिथेच सांगा.

मग सहा-सहाचे चार गट. प्रत्येकाला एका मूळ कागदाचे एक पान: १९४७चा ठराव, १९९३ची दोन पत्रे, हमासची १९८८ची सनद, इस्रायलच्या लिकुड पक्षाचा १९७७चा जाहीरनामा. शेवटचे दोन कागद शेजारी ठेवल्यावर विद्यार्थ्यांना दिसते की ‘नदीपासून समुद्रापर्यंत सगळे आमचेच’ हा दावा एकाच बाजूचा नाही. वाचनाला २५ मिनिटे द्या.

पुढची ३० मिनिटे महत्त्वाची. प्रत्येक गटाने आपल्याला न पटणाऱ्या बाजूचे म्हणणे मांडायचे, आणि ती बाजू पटणाऱ्या विद्यार्थ्याने ‘हो, हेच म्हणायचे आहे’ असे म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. हे साधायला दोन-तीन वेळा प्रयत्न लागतात, घाई करू नका. उरलेला वेळ प्रश्नांना.

बिघडते कुठे तेही सांगतो. कोणी ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात करतो, त्या दिवशी हमासने सुमारे १,२०० लोक मारले आणि २५० जणांना ओलीस नेले. कोणी १९४८ पासून सुरुवात करतो. दोघे एकमेकांना ‘आधीचे का सांगत नाहीस’ म्हणत राहतात. बोलणाऱ्याने आधी साल सांगायचे, असा नियम करा. आणि वर्गातल्या मुस्लीम विद्यार्थ्याकडे वळून ‘तुमचे म्हणणे काय?’ असे कधीही विचारू नका. तो तिथे विद्यार्थी म्हणून बसला आहे.

ग्रुपवर आलेला व्हिडिओ खरा की खोटा, हे घरबसल्या कसे कळेल?
– वाचक, शाहूपुरी

जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात बंद आणि दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. तेव्हा हा प्रश्न लांबच्या देशापुरता नाही.

व्हिडिओ थांबवून तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या. इमारत किंवा पाटी स्पष्ट दिसेल अशी जागा निवडा, धुराचे लोट उपयोगाचे नाहीत. ते गुगल लेन्समध्ये टाका आणि सर्वांत जुनी तारीख शोधा. सीरियाच्या युद्धातली दृश्ये गाझाची म्हणून फिरली आहेत, ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली क्षेपणास्त्रेही खरी म्हणून फिरली आहेत. पाट्यांची लिपी हिब्रू की अरबी ते पाहा. गाड्यांच्या नंबरप्लेटही सांगतात: इस्रायलच्या पिवळ्या, पॅलेस्टिनी प्रशासनाच्या पांढऱ्यावर हिरव्या.

मृतांचा आकडा आला तर तीन गोष्टी पाहा: कोणी दिला, कोणत्या तारखेपर्यंतचा, आणि त्यात कोण मोजले. गाझातले आरोग्य खाते हमासच्या प्रशासनाखाली आहे आणि त्याच्या एकूण आकड्यात लढवय्ये व नागरिक वेगळे केलेले नसतात. मात्र त्याच्या आधीच्या युद्धांतल्या आकड्यांशी संयुक्त राष्ट्रांची नंतरची मोजणी बरीचशी जुळली होती. ढिगाऱ्याखाली राहिलेले मृतदेह त्या मोजणीत सहसा येत नाहीत. इस्रायली लष्कर मारलेल्या हमासच्या माणसांचा आकडा देते, तो त्याचा स्वतःचा अंदाज असतो. पुढे पाठवायचेच असेल तर आकड्यासोबत देणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहा. दोन्हीपैकी एकही सापडत नसेल, तर तो निरोप पुढे पाठवू नका.