स्थितिक विद्युत: आधी फुगे, मग कपटे

सर, हा पाठ शक्यतो डिसेंबर-जानेवारीत घ्या. पावसाळ्यात दमट हवेमुळे वस्तूंवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो, त्यावरून विद्युत प्रभार निसटतो आणि प्रयोग फसतो.

दोन फुगे नायलॉनच्या दोऱ्याने शेजारी शेजारी टांगा. गाठीपाशी धरून दोन्ही फुगे कोरड्या लोकरीने सगळीकडून वीसेक वेळा घासा. घासलेल्या भागाला हात लागू देऊ नका. सोडले की ते एकमेकांपासून दूर सरतात. आता तीच लोकर जवळ न्या, फुगा तिच्याकडे ओढला जाईल. लोकरीतले इलेक्ट्रॉन फुग्यावर गेले, म्हणून फुगा ऋण आणि लोकर धन. ‘घासल्याने प्रभार तयार होतो’ असं मात्र सांगू नका. तो फक्त इकडचा तिकडे जातो.

कागदाचे कपटे नंतर घ्या, तीन-चार मिलिमीटरचे. मुलं नेमकी इथेच अडकतात. कपटा उदासीन असतो, म्हणजे त्यात धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात, तरी उडी मारतो. त्यातले इलेक्ट्रॉन फुग्यापासून किंचित लांब सरकतात आणि जवळची बाजू धन होते. म्हणून आकर्षण दिसलं तरी दोन्ही वस्तू प्रभारित आहेत असं ठरत नाही, ते प्रतिकर्षणानेच, म्हणजे एकमेकांना दूर ढकलण्यानेच, ठरतं. एखादा कपटा चिकटून लगेच दूर फेकला जातो, तो अवश्य दाखवा: स्पर्शाने त्यालाही ऋण प्रभार मिळालेला असतो.